आमच्या घरची दुसरी भाषा

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

नातीच्या बारशाला आलो नाही, फोनही केला नाही. शिव्या नंतर घाल. माझी शुगर ठीक, गुडघे तेच. सुमाच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली आहे. गुरुवारी ऑपरेशन, तेही मध्येच तिला जागं करून. मेंदूला स्वतःला दुखत नाही म्हणे.

परवा डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या भाषेत तपासायचं?" मी फाडकन म्हणालो, "मराठी! चौतीस वर्षं पुण्यात आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला म्हणाले, "तुम्ही मनात हिशोब कुठल्या भाषेत करता?" "कन्नड." बाळ्या, दुधाचा हिशोब ती रोज माझ्यासमोर करते. ओठ हलताना दिसायचे, पण कुठल्या भाषेत हे कधी मनातही आलं नाही.

प्रकार असा, की चित्र दाखवायचं, तिनं नाव सांगायचं, आणि त्याच वेळी सर्जन मेंदूवर हलकासा विद्युतप्रवाह देत एकेक जागा चाचपणार. जिथे ती अडखळेल तिथे आकड्याची चिठ्ठी, तिथे कापायचं नाही. पण मराठीत अडली म्हणजे कन्नडमध्येही अडेलच असं नाही. ओजेमान आणि व्हिटेकर या संशोधकांनी हे 1978 मध्येच दाखवलंय: काही जागा दोन्ही भाषांच्या सामाईक, काही एकीच्याच. आपल्या जुन्या वाड्यासारखं, नळ सामाईक, मीटर वेगळे! म्हणजे माझं ऐकून नुसतं मराठीत तपासलं असतं, तर कन्नडच्या जागेवर बिनघोर सुरी फिरली असती.

आता दोन्ही भाषांत तपासणार. कन्नड बरोबर की चूक ते बघायला धारवाडहून मेव्हणी आलीय. ज्या चित्रांची नावं सुमाला आज धड सांगता येत नाहीत ती आधीच बाद. छत्रीही बाद, धारवाडकडेही छत्रीच म्हणतात, मग कळायचं काय? वांग्याचं चित्र आलं तशी ती "बदनेकायी" म्हणाली आणि दोघी बहिणी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काहीतरी माहेरचं असणार. मी विचारलं तर म्हणे, "मराठीत मजा नाही त्यात."

झोप उडालीय ती वेगळ्याच कारणानं. मराठी गेली आणि कन्नड राहिली तर? तिचं काही अडणार नाही, बहीण आहे, भाचरं आहेत. मुका होईन तो मी. मराठी वाचू दे म्हणून देवाला हात जोडतो, आणि मग वाटतं, हे कुणासाठी मागतोय?

हंपीला तू कंडक्टरकडून चार वाक्यं शिकून चहा मागवलास आणि मला "मुका जावई" म्हणालास. त्यावरून चार महिने अबोला धरला होता मी. त्या "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) मधलं मला फक्त 'आयता' लागू पडलं, हे तुझं वाक्य अजून सलतं. खरं होतं म्हणूनच सलतं, नालायका.

काल मेव्हणीकडून "हेदरब्याड" शिकलो, घाबरू नकोस. सुमाजवळ बसून म्हणून बघितलं. तिनं माझे उच्चार मराठीतून दुरुस्त केले, तीनदा.

तुझं मोतीबिंदूचं काय झालं? शैलावहिनींना नमस्कार. बुधवारी रात्रीपर्यंत ये. गुरुवारी बाहेर बाकावर एकट्यानं बसवणार नाही मला.

तुझा,
वश्या