सेवेसाठी विश्वास पक्का होण्याची वाट पाहू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

धर्मश्रद्धा ही प्रत्येकाची खासगी बाब आहे, असे आपल्याकडील वैचारिक लेखनात वारंवार म्हटले जाते. शासनाने कोणाच्या श्रद्धेत नाक खुपसू नये, या अर्थाने ते मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु हेच विधान आता अनेक ख्रिस्ती घरांत निराळ्या अर्थाने ऐकू येऊ लागले आहे. माझा आणि प्रभूचा संबंध थेट आहे, मी घरी शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, मोबाइलवर चांगले उपदेश ऐकतो, मग मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन त्याच त्या माणसांच्या कुरबुरी कशाला सोसायच्या? आणि सेवेचे म्हणाल, तर ती आधी विश्वास पक्का झाल्यावर, संसाराच्या जबाबदाऱ्या उरकल्यावर, निवृत्तीनंतर सवडीने. हा क्रमच मुळात उलटा आहे, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला प्रसंग बहुतेक ख्रिस्ती वाचकांना ठाऊक असतो, पण त्याच्या पुढच्या भागाशी तो क्वचितच जोडून वाचला जातो. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार उठली. (निर्दोष मंडळीच्या शोधात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, ज्यांनी येशूला डोळ्यांनी पाहिले होते त्यांच्या मंडळीतही भाषेवरून दुजाभाव होता.) त्यावर प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, सर्वांना एकत्र बोलावले आणि वाटपाचे काम सात जणांकडे सोपवायला सांगितले. निवडल्या गेलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत; म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती व्यवस्था दिली गेली, असे मानायला बरीच जागा आहे. आजच्या मंडळ्यांच्या किती समित्यांवर मदत घेणाऱ्या कुटुंबांपैकी कोणी असते, हे प्रत्येकाने आपल्याकडे पाहून ठरवावे.

या सातांपैकी दोघांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. स्तेफनाला नेमले होते पंगतीची व्यवस्था पाहायला, पण पुढच्याच अध्यायात तो सभेपुढे उभा राहून इस्राएलाचा सारा इतिहास मांडतो आणि मारेकऱ्यांसाठी क्षमा मागत पहिला हुतात्मा होतो. फिलिप्प शोमरोनात जातो, म्हणजे ज्यांच्याशी यहुदी माणूस व्यवहार टाळत असे त्यांच्यात जातो, आणि नंतर कूशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या, अधिकाऱ्याच्या रथात बसून त्याला यशया संदेष्ट्याचे वचन उलगडून सांगतो. निवडीच्या वेळीच ही माणसे आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण होती, असे शास्त्र सांगते, हे खरे. तरीही परक्यांच्या रथात चढण्याचे बळ फिलिप्पाला कोठून आले, याचा विचार करताना, उपेक्षित विधवांना रोज अन्न वाढण्याचे त्याचे काम मला बाजूला ठेवता येत नाही.

चौथ्या शतकात कप्पदुकियातील कैसरियाचा बिशप बेसिल याच्यापुढे हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. त्या काळी पुष्कळ निष्ठावंत ख्रिस्ती लोक एकांतात राहून साधना करण्याकडे वळत होते आणि त्यांच्याविषयी सर्वांना आदर होता. स्वतः संन्यस्त वृत्तीचा असूनही बेसिलने त्यांना विचारले की, तुम्ही एकटेच राहिलात तर पाय कोणाचे धुणार? नम्रता ही मनातल्या मनात बाळगायची गोष्ट नाही; तिच्यासाठी समोर दुसरा माणूस लागतो, आणि सहनशीलतेसाठी तर त्रास देणारा माणूस लागतो, असा त्याचा रोख होता. हे सांगून तो थांबला नाही. शहराबाहेर त्याने आजारी, निराधार, प्रवासी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी एवढी मोठी वसाहत उभी केली की, त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी याने तिला नवे शहरच म्हटले.

मेथडिस्ट चळवळीतील एक गोष्ट याहून साधी आहे आणि म्हणूनच मला अधिक बोलकी वाटते. १७४२ साली ब्रिस्टल येथील सभागृहावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने घरोघर जाऊन पैसे गोळा करावेत, असे ठरले. पुढारी दारात जाऊ लागले तेव्हा त्यांना दिसले की, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणी दारूच्या आहारी गेला आहे, तर कोणाच्या घरात भांडणे विकोपाला गेली आहेत. चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या लक्षात आले की, आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. वसुलीसाठी केलेले गट मग एकमेकांच्या आत्मिक जीवनाची विचारपूस करणारे गट झाले आणि पुढे मेथडिस्ट मंडळ्यांचा तोच कणा ठरला. म्हणजे मोठी योजना आखून काही झाले नाही. नियमाने एकमेकांच्या घरी जाणे घडले आणि त्यातून बाकीचे निघाले. आज आपण वर्गणी मोबाइलवरून पाठवतो. सोय झाली हे नाकारता येणार नाही, पण त्या निमित्ताने दारापर्यंत येणारा माणूस गेला, त्याच्या जागी काय आणले याचे उत्तर मंडळ्यांकडे असायला हवे.

मराठी वाचकांना पंडिता रमाबाईंचे चरित्र परिचित आहे. त्यांच्या धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा हिंदू समाजावरील त्यांच्या टीकेच्या अंगाने होते. त्यांनी स्वतः सांगितलेली हकिकत वेगळी आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनींकडे, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींकडे, त्या राहिल्या असताना त्यांना लंडनमधील फुलम येथील आश्रम दाखवण्यात आला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी ज्या प्रेमाने वागवत होत्या ते पाहून रमाबाई चकित झाल्या आणि त्यांनी विचारले की, हे तुम्ही कशासाठी करता? उत्तरादाखल योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणाऱ्या विदुषीच्या मनाचे दार वादाने उघडले नाही. सेवा पाहून प्रश्न पडला आणि प्रश्नानंतर वचन आले.

पण गोष्ट येथे संपत नाही. रमाबाईंनी त्या भगिनींचे सर्वच काही मुकाट्याने स्वीकारले नाही. सिद्धान्तांविषयी, अधिकाराविषयी त्यांचा पत्रांतून दीर्घ आणि कधीकधी कडवट वाद चालला, आणि ज्यांनी त्यांना ख्रिस्ताकडे आणले त्या समुदायाशी असलेले नाते वादातही पुरते तुटले नाही. काही वर्षांनी, त्यांनी काढलेल्या शारदा सदनाचे काम चालू असतानाच, त्यांना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. बाप्तिस्मा झाला होता, संस्था उभी होती, नाव सर्वत्र झाले होते, आणि तरीही अशी कबुली देणे सोपे नव्हते. यानंतर दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी शेकडो मुलींना आणून सांभाळले, शिकवले, आणि सामान्य माणसाला समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे काम आयुष्याच्या शेवटापर्यंत चालवले. समुदाय, सेवा आणि अंतरीचा विश्वास या तिन्ही गोष्टी त्यांच्या जीवनात एकापुढे एक अशा पायऱ्यांनी आल्या नाहीत; प्रत्येक गोष्ट दुसरीला धक्के देत राहिली. सेवा आपोआप विश्वास देते, असा माझा दावा नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कित्येक दशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, हे वाचून अनेकांना धक्का बसला. सेवेने मन सतत भरून येते, असे सांगणाऱ्या उपदेशकांनी ती पत्रे वाचावीत. त्या काळात त्यांना कामाने, रोजच्या ठरलेल्या प्रार्थनेने आणि सोबतच्या भगिनींनी धरून ठेवले, असे मला वाटते. भावना आटली असताना टिकून राहणाऱ्या विश्वासाला आपण वाढलेला विश्वास म्हणत नाही, ही आपली चूक आहे.

आता समुदायाच्या दुसऱ्या बाजूविषयी लिहिलेच पाहिजे, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. जाँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांबरोबर एकाच घरात राहण्यास सुरुवात केली आणि त्यातून अनेक देशांत अशी घरे चालवणारी ‘लार्श’ ही संस्था उभी राहिली. त्या घरांनी असंख्य लोकांचे जीवन बदलले, यात शंका नाही. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, त्याच संस्थेने करवून घेतलेल्या चौकशीतून बाहेर आले की, आत्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. संस्थेने हे स्वतः जाहीर केले, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. सेवा मोठी असली की सेवकाला प्रश्न विचारू नयेत, असा संकेत मंडळ्यांत सहज रूढ होतो. तो मोडायलाच हवा. ज्या समुदायात पुढाऱ्याला हिशेब विचारता येत नाही, मग तो पैशाचा असो वा वागण्याचा, त्या समुदायात कोणाचाही विश्वास वाढत नाही.

याहून रोजचा आणि कमी भयंकर दोष म्हणजे सेवेचा कार्यक्रम होणे. वाटपाचा दिवस ठरतो, फलक लागतो, छायाचित्रे निघतात आणि देणारे व घेणारे आपापल्या घरी जातात. एकमेकांची नावे दोघांनाही कळत नाहीत. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला ज्या कठोर शब्दांत सुनावले त्याचे कारण हेच अंतर होते: एकत्र जमूनही कोणी उपाशी राही आणि कोणी पिऊन मस्त होई. तुम्ही करता ते प्रभुभोजनच नव्हे, असे त्याने त्यांना सांगितले. गरिबाला बाजूला ठेवून केलेली उपासना पौलाच्या लेखी उपासनाच उरत नव्हती.

आणि घेणे हेही शिकावे लागते. येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा पेत्राने ते करू द्यायला नकार दिला, त्यात आदर होता तसा अभिमानही होता. मंडळीत वर्षानुवर्षे राबणारी कित्येक माणसे स्वतः आजारी पडल्यावर कोणाला कळू देत नाहीत. इतरांना आपली सेवा करू न देणारा माणूस मोठेपणा आपल्याकडे ठेवून घेतो. माझ्या पाहण्यात, मंडळीतील नाती सर्वांत अधिक बदलतात ती नेहमीचा देणारा पहिल्यांदा घेणारा होतो तेव्हा.

दोन आक्षेपांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पहिला मंडळीच्या आतला: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे, मग सेवेवर एवढा भर कशासाठी? इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात हे वचन जेथे आहे तेथेच पुढच्या ओळीत, आपण सत्कृत्ये करण्यासाठी निर्माण झालो आहोत, असेही लिहिले आहे. सेवेने कृपा विकत घेता येत नाही, हे मान्य. कृपा मिळाल्यावर हात बांधून बसावे, असे मात्र कोठे लिहिलेले नाही.

दुसरा आक्षेप बाहेरचा आणि आपल्याकडे अधिक तीव्र आहे: ख्रिस्ती सेवा हे धर्मांतराचे आमिष असते. ज्या सेवेमागे अट असेल तिच्याविषयी हा आक्षेप रास्त आहे आणि ख्रिस्ती माणसानेच तो आधी घ्यावा. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी. नऊ जण कोठे आहेत, असे येशू विचारतो. पण त्यांना दिलेले आरोग्य काढून घेत नाही. ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेल्या रोमन सम्राट ज्युलियनच्या नावे असलेल्या चौथ्या शतकातील एका पत्रात तक्रार आहे की, हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने दिलेली ही पावती आजही मिळवता आली पाहिजे. रमाबाईंनी प्रश्न विचारला म्हणून त्यांना उत्तर मिळाले. प्रश्न न विचारणाऱ्यालाही तेवढ्याच प्रेमाने वागवणे, ही ख्रिस्ती सेवेची कसोटी आहे.

शेवटी मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना एक सूचना. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीपूर्वीच्या, वर्गात आपण मुलांकडून प्रेषितांचा मतांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचे संक्षिप्त निवेदन) आणि दहा आज्ञा पाठ करून घेतो. ते चालू ठेवावेच. पण त्याबरोबर प्रत्येक मुलाला वर्षभरासाठी मंडळीतील एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धाशी जोडून द्यावे. सोबत एक प्रौढ सभासद असावा, कारण लहान मुलाला एकटे पाठवणे सुरक्षित नाही आणि वर उल्लेखलेल्या कारणांमुळे शहाणपणाचेही नाही. आठवड्यातून तासभर जाऊन वाचून दाखवावे, औषधे आणून द्यावीत, तीच ती आठवण पुन्हा ऐकावी. परीक्षेच्या वर्षी हे जमणार नाही, असे पालक म्हणतील. तसे असेल तर वर्ग एक वर्ष आधी सुरू करावा, आणि मुलाबरोबर जाणारा प्रौढ सभासद त्या पालकांपैकीच एक असावा.

आपला विश्वासू,
एक वाचक