एका सहीला एवढं घाबरायचं?

मा. संपादक,
स. न.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी मागच्या आठवड्यात दुधाच्या पिशवीत घडी घालून एक कागद घेऊन आल्या. घरेलू कामगार मंडळात नाव नोंदवायचं, त्यासाठी 'या बाई आमच्याकडे कामाला आहेत' असा मालकाचा दाखला हवा. आधी तीन घरं फिरून झाली होती. एकीकडे 'यांना विचारून सांगते', दुसरीकडे 'उद्या कोर्टात गेलीस म्हणजे?', तिसरीकडे दारच पुरतं उघडलं नाही. मीही तो कागद दोन दिवस फ्रिजवर ठेवला होता. उगाच साळसूदपणा नको.

गंमत अशी, की याच सोसायटीने गेटपाससाठी मावशींकडून आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो कधीच घेऊन ठेवलेत. आपल्या सुरक्षिततेसाठी त्या आपल्याकडे कामाला आहेत, त्यांच्या फायद्याचं निघालं की नाहीत!

आणि भ्यायचं ते कशाला? राज्याचा 2008 चा कायदा हा कल्याण मंडळाचा कायदा. त्याने ना पगार ठरवून दिला, ना आठवड्याची सुट्टी. 18 ते 60 वयात नोंदणी होते, 55 पूर्ण झाली आणि नोंदणी चालू असली तर 10,000 रुपये सन्मानधन मिळतं. मावशींच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी आहे, खरं वय त्यांनाही ठाऊक नाही. कागदावर पंचावन्न झालीत एवढं खरं. घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला सांगितलं. तो येईल तेव्हा येईल. 1980 मध्ये याच पुण्यात मोलकरणींनी संप करून संघटना उभी केली होती. तेव्हा ज्या घरांतली भांडी पडून राहिली, त्यांच्या सुना-नाती आज सहीला का-कू करतात.

कामगार खात्याला एक विनंती. नोंदणीसाठी कचेरीत जायचं म्हणजे चार घरी खाडा, आणि खाड्याचे पैसे कापणारे कमी नाहीत. रविवारी दुपारी वस्तीतच शिबिर ठेवा.

मी सही केली. मावशींनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ताई, शिक्का नाही मारला तर चालेल ना?"

– एक वाचक, कोथरूड, पुणे