रविवारची द्राक्षबागांची सहल : पालकांसाठी सूचना

सभासद बंधू-भगिनींनो,
रविवारी सकाळी 6 वाजता चिक्कोडी बसस्थानकासमोरून अथणीकडे निघायचं आहे. ऊन चढायच्या आत बागेत पोचलो तरच लहानग्यांना मजा येते.

मांडवाखाली मुलांना खुशाल धावू द्या, पण घड तोडू देऊ नका. फवारणी झालेली असते. शेतकऱ्यानं प्रेमानं दिलेली द्राक्षंही धुऊनच खायची. 5 वर्षांखालच्या मुलांना प्रत्येक द्राक्ष उभं चिरून द्या, अख्खं घशात अडकतं. ही एवढी गोष्ट कृपया विसरू नका.

नंतर बेदाण्याचं शेड. जाळीवर पसरलेली द्राक्षं सावलीत साधारण 15 दिवसांत सुकतात, ते मुलांनी बघायलाच हवं.

वाइन चाखायला कुठंही थांबणार नाही. पोरं सोबत आहेत, गाड्याही चालवायच्या आहेत.

टोप्या, पाणी, दशम्या घरूनच आणा. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.