अर्पाचं काय चुकलं?

सोलापूर,
रविवार, रात्री

प्रिय निमे,

प्रभूमध्ये सलाम. माझे गुडघे आहेत तसेच, ह्यांची साखर आटोक्यात. झालं तब्येतीचं.

आज ताईकडे तिचा सुनील जाऊन वर्ष झालं म्हणून उपासना झाली. घरी येऊन साडीही न बदलता लिहायला बसलेय. फोन केला असता तर मी रडले असते, तू भांडली असतीस, आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं.

आपले पाळकसाहेब बाहेरगावी. मग सुनीलच्या धाकट्या भावाने कुठूनसा एक पाहुणा उपदेशक बोलावला. गोड गळ्याचा माणूस. वचन काढलं रूथ, पहिला अध्याय. मला बरं वाटलं, नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी आणि तिच्या दोन विधवा सुना, अर्पा आणि रूथ, ही गोष्ट दुःखाच्या घरात शोभते. पण उपदेशकांनी थेट सोळाव्या वचनावर, रूथ सासूला म्हणते त्यावर, उडी मारली. ‘तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव.’ आणि पुढच्या सतरंजीवर बसलेल्या सुनीलच्या बायकोकडे, ज्योतीकडे हात करून म्हणाले, "बेटी, तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. अर्पा माहेरी गेली आणि शास्त्रातून पुसली गेली. तू रूथ हो!" सगळं घर ‘आमेन’ म्हणालं. ज्योतीच्या मांडीवर गीतपुस्तक होतं, ते उलटं धरलेलं. तिची आई मागे दारापाशी, चपलांच्या शेजारी बसली होती. विडीची पानं कापून कापून बोटाला पडलेला घट्टा अंगठ्याने चोळत होती. त्या माउलीला मराठी सगळं कळतं गं, बोलायलाच तेवढी लाजते.

चहाच्या वेळी ज्योती ताईला म्हणाली, "आई, मी हैदराबादला नाही जात. त्यांना कळवते." ताईने तिला जवळ घेतलं. बायका डोळे पुसत होत्या. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला.

ज्योतीला राहायचंच असेल तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पोर लाघवी आहे, ताईचा जीव तिच्यात आहे. पण गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती, तेव्हा त्या हैदराबादच्या नोकरीचं पत्र मोबाईलवर दाखवताना तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता! सत्ताविशीची मुलगी आपलं पुढचं आयुष्य चारचौघांच्या ‘आमेन’ला घाबरून ठरवते, आणि तेही शास्त्राच्या नावाने. निमे, हे मला सहन होत नाही.

तुझे अप्पा आज हवे होते. तुमच्या ओट्यावर आपल्याला बसवून विचारायचे, "आधी सांगा, बोलतंय कोण? कुणाला? आणि देव त्यावर काय म्हणाला?" ते कॅलेंडर आठवतं ना, ईयोब आठव्यातलं सातवं वचन छापलेलं? आरंभ अल्प असला तरी शेवट थोर होईल, असं. अप्पांनी ते भिंतीवरून उतरवलं. म्हणाले, हे ईयोबाच्या मित्राचे, बिल्ददाचे बोल. तीनच वचनं आधी तो ज्याची लेकरं गेली त्या बापाला सांगतोय की तुझ्या मुलांना त्यांच्या पापाचं फळ मिळालं. आणि पुस्तकाच्या शेवटी देव ह्याच मित्रांवर संतापतो. काकूंनी दुसऱ्या दिवशी कॅलेंडर परत टांगलं, कारण दुधाचा हिशेब त्यावर होता! अप्पा किती हसले होते.

तर आज अप्पांच्याच पद्धतीने रूथ पुन्हा वाचलं. चारच तर अध्याय. जायला सांगतंय कोण? स्वतः नामी. आपापल्या आईच्या घरी परत जा म्हणते, तुमच्या मायेची फेड परमेश्वर करो म्हणते, दुसऱ्या नवऱ्याच्या घरी तुम्हाला विसावा मिळो म्हणते. आधी दोघीही नाही म्हणतात, अर्पासुद्धा. मग अर्पा रडते, सासूचं चुंबन घेते आणि सासूचंच ऐकून निघते. तिला देव बोल लावत नाही, नामी लावत नाही, गोष्ट लिहिणाराही लावत नाही. बोल लावतो तो आपला उपदेशक. रूथ राहिली हे तिचं मोठेपण, मला ते वाचताना आजही भरून येतं. पण ते मोठं आहे कारण तिच्यापुढे दार उघडं होतं आणि ते सासूने उघडलं होतं. दाराला कडी घालून कुणाला ‘रूथ हो’ म्हणायचं, ही कुठली भक्ती?

(नळाला पाणी आलं होतं. चार दिवसांनी आलं, सोडवेना. पिंपं भरून परत बसले.)

इथे तू शास्त्यांच्या पुस्तकातली इफ्ताहाची मुलगी काढणार, मला माहीत आहे; लढाई जिंकलो तर घरातून जे सामोरं येईल त्याचं होमार्पण करीन असा बापाने नवस केला आणि सामोरी आली ती हीच. तिच्यावरून आपण कितीतरी दिवस बोललो नव्हतो. संडेस्कूलला जाताना तू रस्त्याच्या त्या बाजूने, मी ह्या बाजूने. तू म्हणायचीस, बापाचा नवस तिने पाळला, केवढी आज्ञाधारक मुलगी. मी म्हणायचे, असला नवस देवाने मागितला होताच कुठे? मी आजही तेच म्हणते. शास्त्रात एखादी गोष्ट घडली म्हणजे देवाला ती आवडली, असं होत नाही. शास्त्यांचं पुस्तक तर संपतंच या वाक्यावर की ज्याला जे बरं दिसे ते तो करी. आणि त्याला लागून रूथ. त्याच काळातली गोष्ट, पण इथे माणसं एकमेकांसाठी काही करताना दिसतात. ते कोण काय करतं हेच आज कुणी सांगितलं नाही.

रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचते तो बवाज घे. मंगळवेढ्याला तुझ्या मामांच्या रानात शाळू काढल्यावर बायका सरवा वेचायला यायच्या, मामा त्यांच्यासाठी मुद्दाम कणसं पडू द्यायचे. बवाज तेच करतो. परका, पोरका आणि विधवा यांच्यासाठी शेतात मागे राहू द्या, हा नियमशास्त्राचा हुकूमच होता. पण तो त्याच्याही पुढे जातो. रूथला हात लावायचा नाही अशी गड्यांना ताकीद देतो. आणि आपली ज्योती रात्रपाळी संपवून, रिक्षा मिळेना म्हणून अंधारात चालत येते, तेव्हा तिच्या दवाखान्यात अशी ताकीद देणारा कुणी आहे का? त्यावर उपदेश नाही झाला.

रूथ परकी होती, मवाब देशाची, हेसुद्धा गाळलं. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये, असं अनुवाद नावाच्या पुस्तकात लिहिलंय, आणि हीच मवाबी मत्तयाच्या पहिल्याच पानावर येशूच्या वंशावळीत, दावीदाची पणजी. सुनीलच्या लग्नात आपल्याच बायका ‘पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलतात’ म्हणून कुजबुजत होत्या. तू त्यांना चांगलं सुनावलं होतंस. त्याच बायका आज ‘आमेन’मध्ये सगळ्यात पुढे.

आता खरं दुखणं सांगते. जुळे सोलापूरचा फ्लॅट. सुनीलच्या एकट्याच्या नावावर आहे, हप्ते दोघांच्या पगारातून गेले. भारतीय वारसा कायदा १९२५ आपल्याला लागू. मूल नसेल तर निम्मा हिस्सा बायकोचा, उरलेल्यात ताई आणि भावंडं. धाकट्याला हे ठाऊक आहे. ‘घर घरातच राहावं’ हे त्याचं आवडतं वाक्य. ज्योती इथेच राहिली तर हिश्शाचा विषयच निघत नाही. उपदेशकाला कोणी बोलावलं, ते मी वर लिहिलंच आहे. त्याच्या मनात काय होतं ते देव जाणे, पण रूथचा चौथा अध्याय त्याने वाचावा. तिथेही जमिनीचीच गोष्ट आहे. जवळचा नातलग आधी नामीचं शेत सोडवायला तयार होतो, पण त्याबरोबर रूथची जबाबदारी येते म्हटल्यावर माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणून मागे सरतो. निमे, अर्पाचं नाव शास्त्राने जपून ठेवलंय. ह्या माणसाचं नाव मात्र कुठेही नाही. पुसलं गेलं ते कोण?

आणि ताई. तिच्यावर मला रागावता येत नाही. ज्योती तिच्या हातात चहाचा कप देत होती आणि ताई पाहुण्यांना सांगत होती, "माझं आता कुणी उरलं नाही हो." नामी बेथलेहेमच्या वेशीवर हेच म्हणाली होती, भरलेली गेले, रिकामी आले, आणि रूथ शेजारीच उभी होती. पण हीच नामी तिसऱ्या अध्यायात उठते आणि सुनेसाठी घर बघायला लागते. मला ताईला तिथपर्यंत न्यायचं आहे. बुधवारी ज्योती ड्यूटीवर असताना जाते आणि चारही अध्याय तिच्यासोबत मोठ्याने वाचते. मग सांगते, ताई, तू तिला जा म्हण. तिने राहायचं की नाही ते त्यानंतर तिला ठरवू दे. हिश्शाचे कागदही तुझ्याच हाताने तिला दे, धाकटा काहीही म्हणो.

ताई माझ्यावर चिडेल. तू मध्ये पडतेस म्हणेल. पण अप्पांच्या लेकीचं ती ऐकते, लहानपणापासून ऐकत आलीय. म्हणून मंगळवारच्या आत तिला फोन कर. फ्लॅटचं काढू नकोस, फक्त नामीचं बोल. आणि अप्पांच्या त्या निळ्या वहीत रूथवरची टिपणं असतील तर पानांचे फोटो पाठव, त्यांचं अक्षर ताईला ओळखू येतं.

प्रिया पास झाली, ह्यांनी पेढे आणले, आम्हीच खाल्ले. नव्या जागेत पाणी कसंय? मोतीबिंदूचं लांबवू नकोस. मंगेश पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या देते. चादर ह्या खेपेला नाही, त्याची बॅग लहान आहे.

फोन साडेनऊनंतर कर, तोवर ताई बातम्या बघते.

तुझीच,
सुमन