सोफ्यावरची चादर

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र आणि नव्या घराचे फोटो, दोन्ही मिळालं. खोल्या सुरेख दिसतायत, पण रिकाम्या आहेत म्हणून. त्यावर फार भाळू नकोस. 'सोफा पांढरट घ्यावा की करडा?' असं तू मोठ्या अक्षरात विचारलंयस आणि खाली कोपऱ्यात वहिनींनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'घरात तीन वर्षांची जुळी आहेत, याची यांना आठवण करून द्या.' त्या एका ओळीत मला तुमच्या घरातला सगळा वाद ऐकू आला.

रंगाचं सांगतो, पण आधी आमच्या पहिल्या सोफ्याची गोष्ट ऐक. तू तेव्हा लांब होतास, म्हणून तुला ती माहीत नाही.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही साईच्या रंगाचा सोफा घेतला. कापड मऊ, गाठीगाठींचं, आणि खोळ सांगाड्याला घट्ट ठोकून बसवलेली. दुकानात आम्ही दोघं त्यावर बसताना कपडे झटकून बसलो. खरं तर तिथेच कळायला हवं होतं. थोरली रांगायला लागली तशी हिने त्यावर एक जुनी चादर टाकली. पाहुणे येणार असले की चादर काढून बेडरूममध्ये कोंबायची, ते गेले की पुन्हा अंथरायची. सहा वर्षं हे चाललं. म्हणजे सोफा आमचा, हप्ते आमचे, आणि तो बघायचं सुख पाहुण्यांना. आम्ही आपले सहा वर्षं विटक्या फुलाफुलांच्या चादरीवर. शेवटी सोफा दिला तेव्हा वरचं कापड नवंकोरं होतं आणि आतला फोम पार बसलेला.

तेव्हापासून दुकानात मी प्रत्येक वस्तूसमोर एकच प्रश्न विचारतो: याच्यावर काही सांडलं तर मी काय करणार? 'डाग पडतच नाही' असं विक्रेता म्हणाला तर मी हसून पुढे जातो. उत्तर 'खोळ काढून धुणार' असेल तर वस्तू चांगली. 'घासून पुन्हा तेल लावणार' असेल तरी चालेल. 'चादर टाकणार' असेल तर तिथून नीघ.

आता तुझा सोफा. पांढरट नको आणि अगदी गडदही नको. गडद कापडावर डाग लपतो, पण धूळ, दोरे, पावडर, कुत्र्याचे केस असं सगळं उठून दिसतं. मधल्या छटेचं, दोन-तीन रंगांचे धागे एकत्र विणलेलं कापड घे. लांबून ते एकरंगी दिसतं, जवळून त्यात इतकं काही चाललेलं असतं की एखादा ठिपका त्यात हरवून जातो. शक्य असेल तर धागा तयार होतानाच रंगवलेलं कापड माग. साध्या रंगवलेल्या कापडाचा धागा लाल मुळ्यासारखा असतो, वर रंग आणि आत पांढरा. हा गाजरासारखा, आरपार. त्यामुळे उन्हाने तो सहजासहजी विटत नाही. तुझ्या हॉलला एवढी मोठी खिडकी आहे, तर हे मनावरच घे.

कापडाच्या नमुन्यामागे 'मार्टिन्डेल' म्हणून एक आकडा असतो. कापडाचा तुकडा यंत्रात लोकरीच्या कापडावर घासत राहतात आणि धागे तुटेपर्यंत किती फेरे झाले ते मोजतात. रोजच्या घरच्या वापराला २०,००० ते २५,००० किंवा त्याहून जास्त असलेलं बघ. पण आकड्याला भुलू नकोस. त्यातून कापड झिजेल कधी एवढंच कळतं; डाग निघेल का, गोळे येतील का, हे त्यात नसतं. आणि आमच्यासारखं गाठीगाठींचं कापड घेऊच नकोस. तुझ्या कुत्र्याची नखं त्या फासांत अडकतील आणि आठवड्याभरात दोरे बाहेर येतील. त्यापेक्षा पॉलिस्टरचं घट्ट विणीचं मखमल बरं. मखमल म्हटलं की तुला राजवाडा आठवेल, पण त्याला वर फास नसतात, नख अडकायला जागाच नाही, आणि केस ओल्या हाताने निघतात.

खोळीला चेन हवीच. पाठीच्या उशांना, बसायच्या गाद्यांना, सगळ्याला. दुकानातच एक चेन उघडून बघ. कधीकधी ती नुसती शिलाईच्या सोयीसाठी असते आणि खोळ धुवायची नाही असं आत चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. आत हात घातलासच तर फोमची घनता विचार. घनमीटरला ३२ किलो म्हणजे ठीक, बसायच्या गादीला ४० च्या आसपास असेल तर उत्तम. घनता म्हणजे कडकपणा नव्हे, बरं का. दाट फोम मऊही असू शकतो, तो फक्त लवकर दबत नाही. आमचा सोफा बोटाने दाबला तर दगड वाटायचा आणि दोन वर्षांत त्याची परात झाली.

काका तुमच्याकडेच राहणार ना? मग जमिनीलगतचे ते फॅशनेबल सोफे विसर. बैठक जमिनीपासून ४५ सेंटीमीटरच्या आसपास हवी आणि निदान एका बाजूला घट्ट हात हवा, ज्यावर जोर देऊन उठता येईल. माझ्या आईला दर वेळी कुणीतरी हात द्यावा लागायचा आणि ती ते हसण्यावारी न्यायची. तिला ते किती लागत होतं हे मला फार उशिरा कळलं.

भिंतींची गोष्ट आणखी गमतीची. थोरली चार वर्षांची असताना तिने जांभळ्या क्रेयॉनने बेडरूमच्या दारापासून हॉलच्या खिडकीपर्यंत एक रेघ ओढली. न उचलता, चालत चालत. दिव्याच्या बटणाखालून रेघ वळसा घालून गेली होती, त्यामुळे तिने ती विचारपूर्वक काढली होती याबद्दल शंका नाही. मी तो पांढरा 'जादूचा' स्पंज आणला आणि खसाखसा घासलं. रेघ गेली, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर रेघेच्या जागी तेवढाच लांब चकचकीत पट्टा दिसायला लागला. तो स्पंज म्हणजे मेलामाइनचा फेस, अतिशय बारीक पॉलिश पेपरच म्हण ना. मॅट रंगावर तो फिरला की रंग गुळगुळीत होऊन चमकतो. जांभळी रेघ बरी होती असं ही आजही म्हणते.

त्याचं कारण मला नंतर रंगाऱ्याने सांगितलं. अगदी मॅट रंगात रंगद्रव्य जास्त आणि त्याला धरून ठेवणारं बाइंडर कमी असतं, म्हणून तो सुंदर मखमली दिसतो आणि म्हणूनच हात लागला की मळतो. चमक वाढत जाते तसा रंग धुवायला सोपा होतो, पण भिंतीचा प्रत्येक उंचवटा आणि पुट्टीची प्रत्येक चूक चुगली केल्यासारखी दाखवतो. तेव्हा मॅट छताला आणि तुमच्या बेडरूमला. हॉल, पॅसेज, मुलांची खोली इथे हलकी चमक असलेलं, धुता येणारं इमल्शन. आणि रंग लावल्यावर पहिला महिनाभर पुसायला जाऊ नकोस. हाताला दोन तासांत कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला आठवडे लागतात. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून वर खोलीचं नाव, रंगाचा नंबर आणि तारीख लिहून ठेव. हे काम तू करणार नाहीस हे मला माहीत आहे, वहिनींना सांग.

खरं तर मुलांच्या घरात पुराच्या पाण्याची असते तशी एक खूण असते. पोरांनी हात वर केल्यावर जिथे पोचतो, तिथे मनातल्या मनात आडवी रेघ मार. रेघेच्या खालचं घर त्यांचं, वरचं तुझं. खाली धुता येणारा रंग, गोल कडा, दणकट वस्तू. वर मात्र मनाची हौस पूर्ण कर. चांगला दिवा, खरीखुरी चित्रं, नाजूक मातीचं भांडं, भिंतीला तुला तो नीळ घातल्यासारखा गडद रंग हवाय ना, तोही. बहुतेक जण उलटं करतात. पोरं लहान आहेत म्हणून सगळं घर रबरी करून टाकतात आणि मग ते दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीसारखं दिसतं. रेघ दर वर्षी वर सरकते, तेवढं लक्षात ठेव. आणि वर ठेवलेलं भांडं गाठायला कपाटावर चढणारी पोरं असतात, तेव्हा प्रत्येक उंच कपाट आणि खणांचं फडताळ भिंतीला पट्टीने आवळून टाक. खालचे दोन खण ओढले की त्यांच्या पायऱ्या होतात आणि सगळं वजन पुढे येतं. हे 'नंतर करू' मधलं काम नाही. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्यांचंही तेच. त्या कापून टाक किंवा दोरी नसलेले पडदे घे.

जेवायचं टेबल मात्र मी तुला लाकडाचंच घ्यायला सांगेन. आमचं टेबल मऊ लाकडाचं आहे, वर तेल लावलेलं. त्याच्या एका कोपऱ्यात, उजेड तिरपा आला की, एक भागाकार दिसतो. धाकटा कागद थेट लाकडावर ठेवून दाबून दाबून लिहायचा, तर आकडे खाली उमटले. पुढे कर्कटकाने पाडलेली दोन भोकं. ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री फिरवली की लाकडाचे दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा बराचसा वर येतो. मी इतर ठिकाणी ते केलंय. भागाकाराला हात लावलेला नाही. तो चुकलेला आहे, बाकी भाजकापेक्षा मोठी आलीय.

पीयू पॉलिश केलेलं, म्हणजे वर प्लास्टिकसारखा कडक थर दिलेलं टेबल पाण्याला जास्त टिकतं, पण त्यावर खोल ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त केलेला लपत नाही, सगळा पृष्ठभाग घासून पुन्हा करावा लागतो. तेलाचं उलट: ओला पेला ठेवला की वळं उमटतं, वर्षा-दोन वर्षांनी तेल द्यावं लागतं, पण खराब झाली तेवढीच जागा घासून सकाळच्या चहाआधी काम होतं. लॅमिनेट सगळ्यांत निश्चिंत, फक्त कडेचा टवका उडाला की त्याला औषध नाही. संगमरवराचं टेबल तू फोटोत दाखवलंयस. दिसतं छान, पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा रस सांडला की तिथली चकाकी खाऊन टाकतो, आणि तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही. तुझं मन झालंच असेल तर रेघेच्या वर एखाद्या फळीला वापर.

गालिच्याबद्दल थोडक्यात. जेवणाच्या टेबलाखाली घालायचाच असेल तर आखूड लवेचा, आणि चारी बाजूंनी ६० सेंटीमीटर बाहेर येईल एवढा मोठा, नाहीतर खुर्ची मागे ओढली की पाय कडेवर अडकतो. लोकर महाग पडते, पण तिच्या तंतूंचा बाहेरचा थर पाणी लगेच आत घेत नाही, त्यामुळे सांडलेलं पाणी क्षणभर वर राहतं. तेवढा क्षण फडकं आणायला पुरतो. टिपायचं, घासायचं नाही, कडेकडून मध्याकडे. आणि खाली न घसरणारं अस्तर, काकांसाठी.

पसाऱ्याचं आमच्याकडे सगळ्यात उशिरा जमलं. हिने सुंदर झाकणांच्या वेताच्या पेट्या आणल्या होत्या. वर्षभरात खेळणी पेट्यांच्या वर साठली, आत काही नाही. झाकण उघडणं आणि वस्तू टाकणं ही दोन कामं झाली, आणि पोरं एकच काम करतात. झाकणं माळ्यावर टाकली, त्या दिवसापासून खेळणी पेटीत जायला लागली. दाराशी खुंट्याही त्यांच्या खांद्याएवढ्या उंचीवर लाव. आपल्या उंचीच्या खुंटीवर त्यांची दप्तरं आपणच अडकवत बसतो. उघडी फळी कमी, बंद कपाट जास्त. मोकळ्या फळ्या फोटोपुरत्या.

दिव्यांना २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश घे आणि छतातला एकच मोठा दिवा ठेवण्याऐवजी कोपऱ्यांत दोन-तीन लहान लाव. संध्याकाळी पसारा अंधारात राहतो आणि घर एकदम देखणं होतं. फसवणूक आहे, पण स्वस्त आहे.

वहिनींना सांग, करडा-निळा मिश्र धाग्याचा, चेनवाल्या खोळीचा, असा माझा कौल आहे. जुळ्यांना दुकानात घेऊन जा आणि त्यांना त्या सोफ्यावर उड्या मारू दे. विक्रेत्याचा चेहरा बघू नकोस, सोफ्याचे सांधे ऐक.

आणि पैसे भरण्याआधी घराचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोज, कागदावर लिहून घे. आमचा दुसरा सोफा सगळ्या कसोट्यांवर उतरला होता. तो अकरा दिवस जिन्यात उभा होता. वरच्या मजल्यावरचे आजोबा येता-जाता त्यावर बसून दम घ्यायचे, आणि शेवटी पाय काढून तो आत गेला तेव्हा सगळ्यात जास्त हळहळले तेच.

तुझाच,
जुना रूममेट