कोंडिविट्याच्या जुन्या देवळाला सिमेंट नको

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मरोळची माझी आजी चर्चला देऊळच म्हणायची. त्यातलं ‘जुनं देऊळ’ म्हणजे अंधेरीत सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीच्या आवारातलं सेंट जॉन द बॅप्टिस्ट. जेझुइट पाद्र्यांनी ते १५७९ साली कोंडिविटे गावासाठी बांधलं. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ चं, म्हणजे हे त्याहून पावणेतीनशे वर्षांनी जुनं. साष्टी, म्हणजे हा सगळा परिसर ज्यावर आहे ते बेट, पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेली, मग इंग्रजांकडे. देऊळ जागचं हललं नाही. १८४० मध्ये साथीच्या रोगाने मात्र गाव उठवलं. वेद्या आणि मूर्ती मरोळच्या नव्या चर्चमध्ये नेल्या गेल्या. १९७३ मध्ये सीप्झ आलं आणि देऊळ फाटकाच्या आत गेलं. आता मे महिन्यातल्या सणाला तिथे मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते, त्या दिवशी आम्ही आत जातो.

छप्पर कधीच गेलं. उघड्या भिंतींच्या माथ्यातून पावसाचं पाणी पोटात उतरतं आणि दगडांमधला चुना धुऊन नेतं. त्या पोकळीत पिंपळ मूळ धरतो. ते मूळ उपटून काढणं म्हणजे दगडही निखळून पाडणं. खोड कापून मूळ जागीच मारायचं आणि पोकळी भरायची, हे सावकाशीचं काम आहे.

मला भीती मोडकळीपेक्षा घाईच्या दुरुस्तीची वाटते. सिमेंटने दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरल्या की भिंत पहिल्या वर्षी भक्कम दिसते. पण आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते दगडातूनच वाट काढतं, क्षार फुलतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना ओल घेतो आणि सोडतो, म्हणून चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो. तो आधी मुरवावा लागतो आणि हाताला सवय असलेला गवंडी लागतो.

म्हणून विनंती अशी, की आधी प्रत्येक भिंतीची मोजमापं आणि नकाशे करून घ्या. मग चुन्यानेच भिंतींचे माथे बंद करा. नवा स्लॅब नको, रंगरंगोटी नको. जे उभं आहे ते उभं राहू द्या.

जवळच महाकालीची, म्हणजेच कोंडिविट्याची, लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यावर पोर्तुगीज मठाचे अवशेष आहेत, तिथे लेणं आणि मठ दोन्ही जपले जातात. कोंडिविट्याच्या लेण्यांना जी काळजी मिळते, ती कोंडिविट्याच्या देवळालाही मिळावी. आणि सणापुरतं नको, निदान दर रविवारी ते लोकांना पाहता यावं.

मोजमापाचं काम तरी येत्या पावसाआधी सुरू करा. प्रत्येक पावसात थोडा चुना वाहून जातोच आहे.

आपला,
मरोळचा एक रहिवासी