मोटर कंट्रोल बोर्डावरील '११० अँपिअर' या दाव्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : २४ व्होल्ट डीसी मोटरचा स्पीड कंट्रोल बोर्ड जळणे, वॉरंटी नाकारणे आणि खोक्यावरचा दिशाभूल करणारा आकडा.

महोदय,

लालबागमध्ये मी आणि माझा मुलगा रसवंतीची गाडी चालवतो. आमच्या चरकाला बॅटरीवर चालणारी २४ व्होल्टची मोटर आहे. तिचा वेग कमीजास्त करण्यासाठी आपल्या कंपनीचा बोर्ड लॅमिंग्टन रोडवरून रीतसर बिल घेऊन आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे : '४० व्होल्ट, ११० अँपिअर'. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना तो बोर्ड जळाला. आपल्या सेवा केंद्राने 'ओव्हरलोड' असा शेरा मारून वॉरंटी नाकारली.

हा शेरा मला मान्य नाही. क्लॅम्प मीटर लावून पाहिले तर आमची मोटर चालताना २५ अँपिअरच्या आसपास घेते. जाड कांडे अडकले तर काही क्षण चाळिशीपर्यंत जाते. आपण छापलेल्या आकड्याच्या निम्मासुद्धा भार नाही. मग ओव्हरलोड झाला तो कशाच्या मानाने?

पैशांपेक्षा गंभीर गोष्ट आधी सांगतो. बोर्डावरचा मॉस्फेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, जळताना त्याची ड्रेन आणि सोर्स ही करंट जाण्या-येण्याची टोके आतून शॉर्ट झाली. बटण शून्यावर फिरवले तरी मोटर थांबेना, उलट पूर्ण वेगाने सुटली. त्या वेळी माझ्या मुलाचा हात चरकाच्या लाटांच्या (रोलरच्या) तोंडाशी होता. बॅटरीची वायर ओढून काढता आली म्हणून निभावले. पॉवर मॉस्फेट जळला की बहुतेक वेळा शॉर्टच होतो, हे आपल्या इंजिनिअरांना नक्की ठाऊक असणार. तरीही बोर्डावर फ्यूज नाही, तापमान वाढल्यावर बंद पडण्याची सोय नाही आणि माहितीपत्रकात मेन स्विच वेगळा लावा अशी साधी सूचनाही नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी सांगितले, "आत आयआरएफ ३२०५ आहे, त्याची डेटाशीट बघा, ११० अँपिअरच लिहिलेय." मी अनेक वर्षे टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचे काम केले आहे. आयआरएफ ३२०५ हे त्या मॉस्फेटचे नाव. त्याची डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचे तांत्रिक माहितीपत्रक, पाहिली, आणि आकडा खरोखरच तिथे आहे. पण त्याच ओळीत अटही आहे : केसचे तापमान २५ अंश. हे हवेचे तापमान नव्हे, मॉस्फेटच्या पाठीच्या पत्र्याचे आहे. आतून २०० वॉट उष्णता बाहेर पडत असताना ती पाठ २५ अंशांवर ठेवायची तर तिच्यामागे थंड पाणी खेळवत ठेवावे लागेल. केस १०० अंशांवर गेली की ती डेटाशीट स्वतःच ११० वरून ८० वर येते. शिवाय तळटीप सांगते की ११० हा हिशेबाने काढलेला आकडा आहे, पॅकेजची, म्हणजे बाहेरचे आवरण आणि पाय यांची, मर्यादा ७५ अँपिअर आहे. म्हणजे मूळ उत्पादकाने काहीही लपवलेले नाही. आपण मात्र त्यातला सर्वांत मोठा आकडा उचलला आणि अट मागेच ठेवली.

तो ११० आला कुठून, हेही मांडतो, कारण सगळा वाद तिथेच आहे. जंक्शनला, म्हणजे मॉस्फेटच्या आतल्या सिलिकॉनला, जास्तीत जास्त १७५ अंश चालतात. जंक्शनपासून केसपर्यंतचा उष्णतेचा अडथळा दर वॉटला ०.७५ अंश. केस २५ वर धरली तर मधले १५० अंश भागिले ०.७५, म्हणजे २०० वॉट. मॉस्फेट चालू असतानाचा रोध २५ अंशांना ८ मिलिओहम असतो, पण १७५ अंशांना तो दुपटीच्या आसपास जातो. साडेसोळा मिलिओहम धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध बरोबर २०० वॉट, यातून करंट निघतो ११०. थोडक्यात, ही करंटची नव्हे, उष्णतेची मर्यादा आहे. उष्णता बाहेर काढायची सोय जेवढी, तेवढेच अँपिअर.

आता आपल्या बोर्डाकडे या. हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा, नसेलच तर जंक्शनपासून हवेपर्यंतचा अडथळा ६२ अंश प्रति वॉट आहे. गाडीच्या डब्यात दुपारी ४५ अंश सहज होतात. उरले १३० अंश, म्हणजे जेमतेम २.१ वॉट, आणि त्यातून निघतात सुमारे ११ अँपिअर. खोक्यावरच्या आकड्याचा दहावा हिस्सा! आपण लावलेली हीटसिंक काडेपेटीएवढी आहे, आणि उघडून पाहिले तर मधे उष्णता नीट पुढे जावी म्हणून लावायची थर्मल पेस्टसुद्धा नव्हती. दुसऱ्या, नव्या बोर्डावर थर्मोकपल लावून मोजले, तर २५ अँपिअरलाच पत्रा १२० अंशांवर गेला. जंक्शन त्याहून वर. तापला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. चाळीस अँपिअरला तर त्यात पंचवीस वॉटांहून जास्त उष्णता होते, ती एवढ्याशा पत्र्यातून जाणार कशी? असे झटके दुपारभर बसल्यावर बोर्ड जळाला नसता तरच नवल.

टर्मिनलबद्दलही लिहितो. ११० अँपिअर सतत वाहून नेईल अशी केबल आपल्या हिरव्या टर्मिनलच्या भोकात शिरतच नाही. बोर्ड आखताना आपल्याच माणसांनी एवढ्या करंटचा विचार केलेला नव्हता, हे त्यावरून दिसते.

जुन्या कारागिरांना हे शिकवावे लागत नाही. टू-एन-३०५५ हा १५ अँपिअर आणि ६० व्होल्टचा ट्रान्झिस्टर, पण त्याचे वॉट ११५, तेही केस २५ अंशांवर असताना. ११५ वॉट भागिले ४० व्होल्ट, म्हणून त्याच्यावर ४० व्होल्ट असताना २.८७ अँपिअरच्या पुढे कोणी जात नाही. परंतु रसवंतीवाला, पंपवाला, ई-सायकल जोडणारा पोरगा डेटाशीट वाचत नाही, तो खोका वाचतो. त्याच्या भरवशाला जागणे आपले काम आहे.

माझी मागणी अशी. बोर्डाची पूर्ण किंमत परत करावी आणि 'ओव्हरलोड' हा शेरा लेखी मागे घ्यावा. खोक्यावर ११० च्या जागी, सोबत दिलेल्या हीटसिंकसह आणि ४५ अंश हवेत हा बोर्ड सतत किती अँपिअर देतो, तो आकडा छापावा. मॉस्फेट शॉर्ट झाल्यास मोटर सुटू शकते, म्हणून फ्यूज आणि मेन स्विच आवश्यक आहे, ही सूचना मराठीतही द्यावी. दुकानांत आधीच गेलेल्या मालावर निदान स्टिकर तरी लावावेत. माझ्या पैशांना थोडा उशीर झाला तर चालेल, या सूचनेला नको.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन, आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्यालाही हा कायदा ग्राहक मानतो.

बिलाची प्रत आणि मोजमापाचे फोटो सोबत जोडले आहेत. जळालेला बोर्ड माझ्याकडे जपून ठेवला आहे. आपल्या इंजिनिअरांनी कोणत्याही दुपारी गाडीवर यावे, त्यांच्यासमोर नव्या बोर्डावर पुन्हा मोजून दाखवीन.

आपला,
एक ग्राहक
लालबाग, मुंबई